जुन्या अमेरिकन गेम शोमध्ये होस्टच्या हातात उदबत्तीसारखा बारीक, लांब माईक का असायचा? आता तसा का दिसत नाही, आणि विकत मिळतो का?

तुम्ही कार्यक्रमाचं नाव लिहिलेलं नाही, पण वर्णन वाचून डोळ्यासमोर दोनच माणसं येतात. ‘द प्राइस इज राइट’चे बॉब बार्कर, नाहीतर ‘मॅच गेम’चे जीन रेबर्न. दोघांच्या हातातल्या ज्या काडीमुळे तुम्हाला हा प्रश्न पडला, ती म्हणजे सोनीचा ईसीएम-५१.

मी पुण्यात गेली पस्तीस वर्षं साउंडचं काम करतो. मंडप, हॉल, लग्नं, वक्तृत्व स्पर्धा, सगळं. काही वर्षांपूर्वी ऐन थंडीत मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. बाहेर बर्फ, घरात टीव्ही. तिकडे ‘बझर’ नावाचं एक चॅनेल आहे, त्यावर दिवसभर जुने गेम शो लागतात. जावयांनी एकदा हळूच विचारलं, “बाबा, त्यांचं बोलणं कळतंय ना?” म्हटलं, बोलणं अर्धंच कळतंय, मी माईक बघतोय.

आधी यंत्राचं सांगतो. विद्युतभार दिलेल्या पातळ पडद्यावर चालणारे कंडेन्सर माईक तेव्हाही होते, पण त्या भारासाठी बाहेरून चांगलाच व्होल्टेज द्यावा लागायचा, त्यामुळे सोबत मोठं लटांबर असायचं. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी प्लास्टिकच्या पातळ पडद्यातच विद्युतभार जवळजवळ कायमचा बसवून दाखवला. हाच इलेक्ट्रेट. भार आतच असल्यामुळे बाहेरच्या व्होल्टेजची कटकट गेली, एका छोट्या बॅटरीवर काम भागायला लागलं आणि माईकचं डोकं शर्टाच्या बटणाएवढं झालं. सोनीने त्यावर ईसीएम-५० हा कॉलर माईक काढला. ईसीएम-५१ म्हणजे तसलंच बारीक डोकं, पण ट्रान्झिस्टरच्या अँटेनासारखी ओढून लांब करता येणाऱ्या नळीच्या टोकावर बसवलेलं. लहानपणी रेडिओची एरियल खेचून सिलोन लावलं असेल, तर ती कशी सरकते ते वेगळं सांगायला नको.

आता एवढं बारीक कशाला? पहिलं कारण कॅमेरा. आपला नेहमीचा जाळीच्या गोळ्याचा हँड माईक तोंडाजवळ धरला, की जवळच्या शॉटमध्ये माणूस आइस्क्रीमचा कोन खातोय असं दिसतं, हनुवटी गायब. काडी माईक तिरका धरला तर चेहरा पूर्ण मोकळा राहतो. गेम शोमध्ये विकायचा असतो तो चेहराच. आनंद, घाबरगुंडी, फ्रिज लागल्यावरची किंकाळी.

दुसरं कारण मला जास्त पटतं. ‘द प्राइस इज राइट’मध्ये स्पर्धक थेट प्रेक्षकांतून उठून येतो. नाव पुकारलं की धावत, उड्या मारत, शेजारच्यांना मिठ्या मारत खाली. त्याला कॉलर माईक लावणार कधी? लावला तरी त्या मिठ्यांमध्ये तो टिकणार किती? स्टेजवर आल्यावर त्याचा आवाज घ्यायला होस्टच्या हातातला माईक हाच सोपा मार्ग. आणि अनोळखी बाईच्या तोंडासमोर दांडगा माईक खुपसण्यापेक्षा वीतभर अंतरावरून काडीचं टोक पुढे केलेलं बरं दिसतं. होस्टला स्वतःला वाकावं लागत नाही, अंगचटीला जावं लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे हा माईक चहूबाजूंनी ऐकणारा, आमच्या भाषेत ऑम्नी. त्याचं तोंड नेमकं तुमच्याकडे नसलं तरी चालतं, दोघांच्या मध्ये धरला तर दोघांचंही घेतो. त्या काळचे अमेरिकन बातमीदार हातात जो इलेक्ट्रो-व्हॉइसचा ६३५ए घेऊन फिरायचे तोही ऑम्नीच. फक्त तो डायनॅमिक, बॅटरीशिवाय चालणारा आणि इतका दणकट की त्याचं टोपणनावच ‘हातोडा’ पडलं होतं. सोनीचा मात्र नाजूक मामला.

हे सगळं खरं असलं, तरी मला विचाराल तर तो माईक होस्टच्या हातात असायचा तो पाळी वाटण्यासाठी. बार्करांचं मनगट बघा. टोक स्वतःच्या हनुवटीखाली, प्रश्न विचारला, मनगट वळलं, टोक समोरच्याकडे. उत्तर आलं, की समोरच्याचं वाक्य लांबायच्या आत मनगट परत. बाई बोलतच असते, पण तिचा आवाज लांबून आल्यासारखा होतो आणि बार्करांचा भरतो. माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. जे काम मी साउंडच्या मिक्सरवर फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खालीवर करून करतो, ते हा माणूस नुसत्या मनगटाने करत होता. भांडण नाही, “एक मिनिट ताई” नाही. आणि माईक स्पर्धकाच्या हातात द्यायचा नाही. घ्यायला हात पुढे आला तरी तो सफाईने आपल्याच मुठीत ठेवायचा.

याची किंमत मला पुण्यातच कळली होती. साधारण २००९ची गोष्ट. गणपतीत आमच्या भागातल्या मंडळाने ‘खेळ पैठणीचा’ ठेवला होता. असा काडी माईक मी एका जुन्या कॅसेटवर बघितला होता आणि हौस म्हणून एक बनवलाही होता. मोडक्या ट्रान्झिस्टरची एरियल, पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीतून आणलेली इलेक्ट्रेटची बटणासारखी कॅप्सूल, आतून बारीक शील्डेड वायर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. घरी टेस्ट केला, आवाज एकदम खणखणीत. मंडपात फेडर जरा वर केला मात्र, अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतली पोरं कान धरून पळाली. चूक माझीच. ऑम्नी माईक तोंड ऐकतो तसे बॉक्सही, म्हणजे स्पीकरही, ऐकतो, आणि तोच आवाज फिरून परत आला की शिट्टी. स्टुडिओत प्रेक्षकांसाठीचे स्पीकर हळू लावता येतात, दूर ठेवता येतात. आमच्याकडे दोन्ही बाजूंना बॉक्सची चळत आणि अध्यक्षांचा आग्रह, की आवाज चौकापर्यंत गेला पाहिजे.

मग मुकाट्याने नेहमीचा कॉर्डलेस काढला, एका बाजूचंच ऐकणारा. निवेदक हौशी पोरगा. त्याने पहिल्याच काकूंच्या हातात माईक दिला. काकूंनी आधी दोनदा फुंकर मारली, मग टिचकी, मग म्हणाल्या, “कुकरच्या झाल्या तीन शिट्ट्या, भात झाला मऊ, रावांचं नाव घेतलं, आता माईक कशाला देऊ?” मंडप हसून लोळला. पण काकूंनी ते शब्दशः पाळलं. दुसरा उखाणा, तिसरा उखाणा, मग दोन्ही सुनांचं कौतुक, मग वॉर्डातल्या पाण्याचा प्रश्न. निवेदक बापडा शेजारी हात जोडून उभा. अध्यक्ष माझ्याकडे बघून हाताने खूण करतायत, कमी कर, कमी कर. भर मंडपात काकूंचा आवाज मारणं म्हणजे पाप, तरी शेवटी केलं. काकूंना ते कळलंही नाही, त्या बोलतच होत्या.

बार्करांवर ही वेळ आली नसती.

जीन रेबर्नचं थोडं वेगळं. ‘मॅच गेम’ १९७३ ते १९७९ सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर गाजला. समोर सहा सेलिब्रिटी, गाळलेल्या जागा भरायच्या, बरीचशी उत्तरं चावट. रेबर्न एका जागी उभा राहणारा माणूस नव्हता, पूर्ण सेटभर भटकायचा. त्याच्या हातात तो माईक कधी छडी, कधी बोट, कधी नुसतंच खेळणं. लोकांना त्याचा आवाज आठवतो तसा माईकही आठवतो, इतका तो त्याचा झाला होता.

आता का दिसत नाही? कॉर्डलेस सुधारले म्हणून. सुरुवातीचे कॉर्डलेस भरवशाचे नव्हते, मध्येच खरखर, मध्येच गप्प, त्यामुळे बार्कर वर्षानुवर्षं वायर मागे ओढत फिरले. पुढे कॉलर माईक स्वस्त आणि चांगले झाले, आणि खेळही बसून खेळायचे झाले. कोट्यधीश करणाऱ्या कार्यक्रमांत स्पर्धक आधीच माईक लावून समोर बसवलेला असतो, हातात धरायचं कारणच उरत नाही. पाळी ठरवायला पलीकडे माझ्यासारखा कुणीतरी मिक्सरवर असतो. तरी काडी माईक पुरता गेलेला नाही. २००७मध्ये बार्कर पस्तीस वर्षांनी निवृत्त झाले, त्यांच्या जागी ड्रू केरी आले, आणि त्यांनीही हातात सडपातळ माईकच ठेवला, फक्त वायर गेली. २०१६ला ‘मॅच गेम’ पुन्हा सुरू झाला तेव्हा नवा होस्ट ॲलेक बाल्डविनच्या हातातही मुद्दाम तसलाच बारीक माईक दिला होता.

तुम्हाला विकत घ्यायचा असेल तर जुना माल परदेशी लिलावाच्या साइटवर अधूनमधून येतो. फोटोतल्या चकाकीवर जाऊ नका. अशा माईकचं मरण तीन ठिकाणी असतं: नळी सारखी आतबाहेर करून आतली वायर तुटलेली असते, बॅटरी आतच विसरल्यामुळे टोकं गंजलेली असतात, आणि इतक्या वर्षांत इलेक्ट्रेटचा भार उतरून आवाज मऊ, लांबचा झालेला असतो. पहिली दोन दुखणी आमच्यासारखा कुणी तासाभरात बरी करील. तिसऱ्यावर इलाज म्हणजे कॅप्सूलच बदलायची, मग तो आवाजाने सोनी राहत नाही. विकणाऱ्याला सांगा, बॅटरी घाल, बोलता बोलता नळी पूर्ण ओढ, परत दाब, आणि ते रेकॉर्ड करून पाठव. नाही म्हणाला तर शोकेसची वस्तू समजूनच भाव करा.