दातांचं शिबिर झालं, चिठ्ठी मिळाली, पुढे काय?

शाळेतल्या दातांच्या तपासणीबद्दल इतके प्रश्न साठलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यावरच करून टाकतो. काही पत्रं फारच लांब होती ती मी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. शाळेत डॉक्टर आले, टॉर्च मारून बघितलं आणि "दोन दातांना कीड, दंतवैद्याला दाखवा" अशी चिठ्ठी हातात दिली. बस एवढंच. नुसतं बघूनच जायचं होतं तर आले कशाला?
— वैतागलेली आई

उत्तर : ताई, तुमचा वैताग अगदी रास्त आहे. तपासणी म्हणजे उपचार नाही आणि प्रतिबंध तर त्याहून नाही. चिठ्ठी घरी जाते, मग आईबाबांना सुट्टी मिळायला हवी, खर्च परवडायला हवा, मूल घाबरतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे "दुखत तर नाहीये ना, मग बघू नंतर", असं करत करत ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशीच राहते. शाळेतल्या नुसत्या तपासणीवर जे अभ्यास झालेत त्यांचा एकत्र आढावा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या जागतिक संस्थेने घेतलाय, आणि तपासणी केल्याने मुलांचे दात सुधारतात असा भक्कम पुरावा काही त्यातून निघालेला नाही.

मग काय चालतं? जे काही करायचं ते शाळेतच, त्याच खुर्चीवर, त्याच दिवशी करून टाकणं. फ्लोराइड वार्निश, म्हणजे दात टणक करणाऱ्या फ्लोराइडचा लेप, दातांना ब्रशने लावायचं असतं, दोनेक मिनिटांचं काम, मशीन लागत नाही, सुई नाही. ते वर्षातून दोनदा किंवा जास्त वेळा लावत राहिलं की कायमच्या दातांमधली कीड सरासरी ४३ टक्के आणि दुधाच्या दातांमधली ३७ टक्के कमी होते, हाही कॉक्रेनचाच २०१३ चा आढावा. म्हणजे जो माणूस टॉर्च घेऊन आला होता त्याच्याच पिशवीत वार्निश असतं तर तुमची मुलगी त्या दिवशी काहीतरी घेऊन घरी आली असती. पुढच्या पालकसभेत हे नक्की विचारा : पुढच्या वेळी येणारे लोक काय *बघणार* ते नको, काय *लावणार* ते सांगा, आणि परत कधी येणार तेही सांगा.

मुलीचं म्हणाल तर चिठ्ठीतले ते दोन दात कुठले हे आधी बघून घ्या. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते, तिच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही, सगळे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची आहे. कीड तिला असेल तर उद्याच जा.

प्रश्न : नातवाच्या दाढा किडल्यात. आमचं म्हणणं, दुधाचे आहेत, पडतीलच. सून ऐकत नाही.
— आजोबा

उत्तर : आजोबा, या वेळी सूनबाईंचं ऐका. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, म्हणजे पाच वर्षांच्या पोराची किडलेली दाढ अजून पाच-सहा वर्षं तिथेच राहणार. तेवढ्या काळात ठणका, सूज, पू, रात्रीची झोप जाणं, एका बाजूने चावणं, शाळा बुडणं सगळं होऊ शकतं. दाढ वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणारा कायमचा दात वेडावाकडा येतो. आणि ज्या मुलाचे दुधाचे दात किडतात त्याचे कायमचे किडण्याची शक्यता बरीच जास्त असते, कारण तोंड तेच, सवयी त्याच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात दुधाचे दात किडलेल्या मुलांचा जगभरातला आकडा ५१ कोटी ४० लाख दिलाय, तेव्हा तुमचा नातू एकटा नाही, पण म्हणून सोडून द्यायचं असंही नाही.

प्रश्न : शाळेतून सीलंटचा फॉर्म आलाय, सही मागतायत. मुलगा साडेसहा वर्षांचा. दात घासून पातळ करतात का? आत कीड राहिली आणि वरून बंद केलं तर?
— सही करू की नको

उत्तर : करा. आता कारण सांगतो.

दाढेच्या चावायच्या बाजूला ज्या खाचा असतात ना, त्या इतक्या अरुंद की ब्रशचा केस आत जातच नाही. अन्न मात्र जातं, जंतू जातात. मुलांच्या कायमच्या दाढांमधली बहुतेक कीड याच खाचांमधून सुरू होते. सीलंट म्हणजे त्या खाचा भरून टाकणारा पातळ थर. दात आधी साफ करतात, एक सौम्य आम्लाचं जेल काही सेकंद लावून धुतात म्हणजे पृष्ठभाग खडबडीत होतो आणि सीलंट धरून राहतं, मग दात पूर्ण कोरडा करून सीलंट लावतात आणि निळ्या लाइटने ते कडक करतात. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, काही पातळ करत नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या आकड्यांनुसार सीलंट लावलेल्या दाढांमधली ८० टक्के कीड पहिली दोन वर्षं टळते, आणि ज्या शाळकरी मुलांना सीलंट नाही त्यांच्या पहिल्या दाढांमध्ये कीड जवळपास तिप्पट असते. एवढ्या कमी खटपटीत एवढा फायदा देणाऱ्या गोष्टी दंतवैद्यकात फार नाहीयेत, खरंच.

आत कीड राहण्याची भीती बऱ्याच जणांना असते. खड्डा पडला असेल तर सीलंट नाही, तिथे वेगळा उपचार. पण नुसती सुरुवात असेल, डाग आलाय पण खड्डा नाही, तर वरून घट्ट बंद केल्यावर जंतूंचं खाणंच बंद होतं आणि कीड तिथेच थांबते.

आता यातली खरी अडचण, जी फॉर्मवर कुणी लिहीत नाही. सीलंट लावताना दात कोरडा हवा. साडेसहा वर्षांच्या मुलाची दाढ कधी कधी अर्धीच बाहेर आलेली असते, वर हिरडीचा पदर असतो, जीभ वळवळते, लाळ येते, आणि लाळ लागली की ते सीलंट काही महिन्यांत निघून येतं. अशा वेळी ग्लास आयनोमर नावाचं दुसरं मटेरियल वापरतात, ते ओलाव्यात जरा चालवून घेतं, टिकतं कमी पण त्यातून फ्लोराइड सुटत राहतं. म्हणून सही करताना एकच विचारा की वर्षभराने परत येऊन बघणार का आणि निघालं असेल तर पुन्हा लावणार का. बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरी दाढ येते तेव्हा परत एकदा हाच कार्यक्रम.

आणि हो, सीलंट फक्त खाचांसाठी. दोन दातांच्या मधल्या फटीला त्याचा काही उपयोग नाही, तिथे फ्लोराइडची पेस्टच लागते. सीलंट झालं म्हणून ब्रशला सुट्टी, असं चालणार नाही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेत मुलांच्या किडलेल्या दातांवर कसलंसं औषध लावलं, दुसऱ्या दिवशी ते दात काळे! पालकांनी मलाच धारेवर धरलं. हे नक्की काय प्रकरण आहे?
— बाई

उत्तर : बाई, औषध बरोबर होतं, सांगायची पद्धत चुकली, आणि भुर्दंड तुम्हाला पडला.

ते सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, बहुतेक ३८ टक्क्यांचं. यातलं सिल्व्हर जंतू मारतं, फ्लोराइड मऊ पडलेला दात पुन्हा टणक करतं, आणि ड्रिल न करता कीड जागच्या जागी थांबते. किडलेला भाग काळा पडतो आणि काळाच राहतो. चांगल्या इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या टणक थराला, डाग पडत नाही. ओठाला किंवा गालाला थेंब लागला तर तिथेही डाग पडतो पण तो काही दिवसांत जातो. दातावर नंतर पांढरं फिलिंग करून काळा रंग झाकता येतो, सगळ्याच मुलांना त्याची गरज नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलंय. न्यूयॉर्कच्या प्राथमिक शाळांमध्ये हजारो मुलांवर चार वर्षं चाचणी झाली, निकाल २०२४ मध्ये आला. एका गटाला सीलंट आणि छोटी फिलिंग, दुसऱ्याला हे काळं पडणारं औषध, आणि कीड रोखण्यात हे औषध सीलंटच्या मागे पडलं नाही. त्यात आणखी एक मला फार कामाचं वाटलं : नर्सने लावलं काय आणि हायजिनिस्टने (दातांची सफाई करणाऱ्या प्रशिक्षित मदतनिसाने) लावलं काय, फरक पडला नाही. जिथे दंतवैद्यच मिळत नाही अशा शाळांसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे बघा. तसं पाहिलं तर नवीन काहीच नाही, न्यूझीलंडने १९२१ पासून शाळेतल्या मुलांच्या दातांसाठी खास डेंटल नर्स तयार करायला सुरुवात केली होती आणि त्या शाळेतच बसून काम करायच्या.

पण पालकांना आधी फोटो दाखवायला हवा, लावण्याआधीचा दात आणि नंतरचा दात शेजारी शेजारी. पुढचा दात असेल तर काही आईबाप नको म्हणतील, तो त्यांचा हक्क आहे. ठणका किंवा पू असलेल्या दाताला आणि सिल्व्हरची ॲलर्जी असलेल्या मुलाला हे लावत नाहीत. पुढच्या वेळी फोटोशिवायचा फॉर्म आला तर तुम्ही वाटूच नका, सरळ परत पाठवा.

प्रश्न : वर्गात रोज ब्रश करून घ्यायचा विचार आहे. स्टाफ म्हणतो पाणी नाही, बेसिन नाही, वेळ नाही, आणि फ्लोराइड पोटात गेलं तर?
— मुख्याध्यापक

उत्तर : सर, बेसिन लागतच नाही. मुलं जागेवर बसून ब्रश करतात, फेस टिश्यूत किंवा कागदी कपात थुंकतात, चूळ भरायचीच नाही कारण चूळ भरली की दातावरचं फ्लोराइड धुऊन जातं. पेस्ट एका ताटलीवर प्रत्येकासाठी वेगळा ठिपका असा काढायचा, ट्यूब थेट ब्रशांना लावत फिरायचं नाही. ब्रशवर नाव, ब्रश उभे आणि एकमेकांना न लागता हवेशीर स्टँडमध्ये, केस फाकले की बदला. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. सुरुवातीचे काही दिवस गोंधळ होणार, पेस्ट कपड्यांना लागणार, एखादा दुसऱ्याचाच ब्रश उचलणार, त्याला इलाज नाही.

स्कॉटलंडमध्ये चाइल्डस्माइल नावाच्या सरकारी कार्यक्रमात नर्सरीतली पोरं शिक्षकांच्या नजरेखाली रोज असाच ब्रश करतात. तिथल्या हिशोबात कार्यक्रमाच्या आठव्या वर्षी उपचारांवरचा वाचलेला खर्च कार्यक्रमाच्या खर्चाच्या अडीच पटीच्या वर गेला. आणि श्रीमंत देशालाच जमतं असंही नाही, फिलिपिन्सच्या सरकारी शाळांमध्ये रोज हात धुणं आणि ब्रश करणं एकत्रच घेतात.

पोटात जाण्याचं म्हणाल तर प्रमाण पाळा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वाटाण्याएवढी. दात हिरडीच्या आत घडत असताना वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात, त्याला फ्लोरोसिस म्हणतात. म्हणून पिण्याच्या पाण्याचा रिपोर्ट एकदा मागवा, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर आधी पाण्याचा प्रश्न सोडवा आणि लहान वर्गांचं पेस्टचं प्रमाण दंतवैद्याला विचारून ठरवा.

प्रश्न : दोनदा ब्रश करतो तरी कीड. गोड पण फार नाही देत, नुसती ज्यूसची बाटली असते दप्तरात.
— पाचवीतल्या मुलाचे बाबा

उत्तर : तीच बाटली! किती गोड यापेक्षा किती वेळा गोड हे जास्त महत्त्वाचं. प्रत्येक घोटासोबत जंतू आम्ल बनवतात, तोंडातला पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात, आणि लाळेला ते पूर्ववत करायला अर्धा तास किंवा जास्तच लागतो. तुमचा मुलगा दर तासाला दोन घोट घेत असेल तर लाळेला सवडच मिळत नाही. ज्यूस द्यायचाच तर जेवणाबरोबर एकदम पिऊन टाकू दे, दप्तरात फक्त पाणी. ब्रशपैकी एक वेळ झोपायच्या आधीची हवी, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. पेस्टच्या पाठीमागे फ्लोराइडचं प्रमाण लिहिलेलं असतं, १००० ते १५०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग) मधलं आहे ना ते आजच वाचून बघा, कारण मुलांच्या काही पेस्टमध्ये ते कमी असतं आणि काहींमध्ये तर नसतंच.