संस्थेत पोरं लावायची तर फॉर्मच्या पुढं बघ

भावा, कॉलेजच्या पोरांना सामाजिक संस्थेत इंटर्नशिपला लावायला गूगल फॉर्म केलास, लिंक सगळ्या ग्रुपवर फिरवलीस, झकास, पण नुसत्या फॉर्मनं काय जमत नाही. संस्था म्हणती पाठवा पोरं, आणि पोरगं तिथं जाऊन झेरॉक्स काढत बसतंय. म्हणून संस्थेकडनं आधीच लिहून घे, काम काय, कुठल्या वारी, पोरांकडं बघणार कोण आणि शेवटी सर्टिफिकेटवर सही कुणाची. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) हिशोबात इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला, म्हणजे डिग्रीत मोजल्या जाणाऱ्या एका गुणांकाला, 30 तास लागतात, त्यामुळं हजेरीची शीट पहिल्या दिवसापास्नं ऑनलाईन ठेव, नाहीतर शेवटी सगळे एका बैठकीत भरतात आणि सगळ्यांचं सेम टू सेम असतंय.

नवीन संस्था आली की नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नाव बघ, तिथं सामाजिक संस्थांची नोंद असती. तिथं नसली तर लगेच काट मारू नको, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी माग.

आणि एसटी! लांब गगनबावड्याची पोरगी कोल्हापुरात राजारामपुरीत लावलीस तर परतीची गाडी कितीला ते तिलाच विचार, फॉर्मात हा रकाना कोण टाकतच नाही. अशांना घरनं होणारं काम दे, जुने अहवाल टाईप करणं, पेजसाठी मजकूर लिहिणं वगैरे. फक्त संस्थेतल्या लहान मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत हे जॉईन व्हायच्या आधीच सांग.