चोरला घाट आणि ट्रॅक, दोन्हीला एकच टायर
भावा, घाटात आणि रेस ट्रॅकवर एकच टायर चालवायचा म्हणतोस, तर सेमी-स्लिकचा (कमी, उथळ खाचांच्या, ट्रॅकसाठीच्या टायरचा) मोह आत्ता आवर. आपल्याकडं पावसाळाभर चोरला घाट ओलाच; उथळ खाचांना साचलेलं पाणी बाहेर फेकता येत नाही आणि गाडी तरंगते.

साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) ट्रेडवेअर, म्हणजे झिजेचा आकडा, बघ. २०० म्हणजे मऊ रबर, पकड जबर, पण झीज लवकर. तुला ३०० च्या आसपासचे बस झाले. (हा आकडा कंपनीच ठरवते, त्यावरून दोन कंपन्यांची तुलना नको.) तारखेचे चार आकडेही वाच: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.

ट्रॅकवर खरा जीव टायरमधल्या हवेत असतो. टायर तापला की चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सहज चढतात. ट्रॅकवरच्या प्रत्येक सेशननंतर (फेरीनंतर) हवा मोजायचं गेज लाव, वाढलेली हवा काढ, आणि घरी निघताना परत भर. मी एकदा न भरताच बेळगावपर्यंत आलो, दोन्ही कडा खाल्ल्या गेल्या.