पॉलिसी सत्तरची, हातात येणार चार

पत्र थोडक्यात: वय ४३. मी आणि पत्नी दोघेही नोकरीत आहोत. मुले १२ आणि ९ वर्षांची. तीन वर्षांपासून कॉकटेलसाठी लागणारी सिरप बनवतो: आल्याचे, डाळिंबाची ग्रेनडीन, बदामाचे ऑर्झा आणि सिंकोनाच्या सालीचे टॉनिक. दोन बार नेमाने घेतात. आता नोकरी सोडून हेच करायचे आहे. महिन्याला ४०० बाटल्या खपतील आणि साहित्याचा खर्च जेमतेम १२ टक्के असल्याने नफा भरपूर आहे. स्वतःचे छोटे उत्पादन-स्वयंपाकघर उभारावे की तयार कारखान्यातून माल करून घ्यावा? पैशांची सोय आहे. बँकेत थोडी शिल्लक आहे आणि एक मोठी विमा पॉलिसी आहे, तिच्यावर कर्ज काढेन. एजंट म्हणतो, कर्ज पॉलिसीतूनच फिटेल.

सोबत तुम्ही पॉलिसीचे कागद जोडले, हे फार बरे केले. प्रत्येक वाचकाला आपापले आकडे घालता यावेत म्हणून तुमच्या सगळ्या रकमा मी घरखर्चाच्या महिन्यांत मांडतो. एका महिन्याचा घरखर्च म्हणजे १. त्या मापाने बँकेत ५ आहेत आणि स्वयंपाकघराला २० लागतील. तुमचा पगार महिन्याला ०.८ आणि पत्नीचा ०.६.

स्वयंपाकघर की कारखाना, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. तुम्ही ज्या पॉलिसीवर सगळा बेत रचला आहे, तिच्यात तुम्हाला वाटतात तेवढे पैसेच नाहीत.

पत्रात तुम्ही तिला ‘७०ची पॉलिसी’ म्हणता. कागदावर काय आहे? हप्ता वर्षाला ३, मुदत १५ वर्षे, आजवर ३ हप्ते भरून झालेत. म्हणजे खिशातून गेले ९. आज मोडली तर सरेंडर व्हॅल्यू साधारण ४. पॉलिसीवरचे कर्ज या ४ च्या काही टक्क्यांवर मिळते. ७० शी त्याचा संबंध नाही. तुमच्या कागदांप्रमाणे फार तर साडेतीन मिळेल. तुम्हाला हवेत २०. शिवाय कर्ज ‘पॉलिसीतूनच फिटते’ म्हणजे नेमके काय होते ते ऐका. व्याज साचत जाते, आणि कर्ज अधिक व्याज सरेंडर व्हॅल्यूच्या पुढे गेले की कंपनी पॉलिसी बंद करून हिशेब मिटवू शकते. हे एजंटाने सांगितले नसेल, तर त्याने तुम्हाला अंधारात ठेवले आहे.

आता ते ७० पाहू. कागदावर हमीची रक्कम ४८ आहे. वरचे २२ बोनस आहेत आणि ते ‘अपेक्षित’ या शब्दाखाली छापलेत. १५ वर्षांत ४५ भरून हमीचे ४८ मिळणे म्हणजे वर्षाला एक टक्काही नाही. बोनस पूर्ण मिळाला तरी परतावा साडेपाच टक्क्यांच्या आतच राहतो. ही योजना बचत म्हणून विकली गेली, पण तिच्यात बचतीचे कामही धड होत नाही आणि विम्याचेही नाही. तुमच्यामागे घरच्यांना मिळणार ३०, म्हणजे अडीच वर्षांचा घरखर्च. धाकटा मुलगा तेव्हा अजून शाळेतच असेल.

मोडून टाकावी का? घाई करू नका. इथे बरेच जण संतापात सरेंडर करतात आणि दुसऱ्यांदा नुकसान करून घेतात. गेलेले ९ विसरा आणि आजच्या ४ पासून पुढचा हिशेब करा. हप्ते चालू ठेवलेत, तर आजचे ४ आणि पुढचे ३६ मिळून बोनससह पावणेआठ टक्क्यांच्या आसपास पडतात, पण हमीचा परतावा अडीचच टक्के. तिसरा मार्ग आहे पॉलिसी पेड-अप करण्याचा. हप्ते थांबवायचे, पॉलिसी राहू द्यायची. १५ पैकी ३ हप्ते भरलेत, म्हणून हमीच्या रकमेचा पाचवा भाग, साधारण साडेनऊ, मुदतीअखेर मिळेल. चाराचे बारा वर्षांत साडेनऊ म्हणजे साडेसात टक्के, तेही बोनसच्या भरवशावर न राहता आणि आणखी एकही हप्ता न भरता. तुमच्यासाठी हाच मार्ग योग्य आहे. मात्र पेड-अपच्या अटी पॉलिसीगणिक बदलतात, म्हणून पेड-अप रक्कम आणि सरेंडर व्हॅल्यू दोन्ही कंपनीकडून लेखी मागवा. एजंटाचा तोंडी आकडा चालणार नाही.

आणि क्रम चुकवू नका. पेड-अप झाली की ३० चे विमाकवचही पाचव्या भागावर येते. म्हणून आधी शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, ज्यात बचत नसते, फक्त मृत्यूनंतर रक्कम मिळते) घ्या, किमान १५० चा. तपासण्या होऊन तो मंजूर झाल्याचा कागद हातात आला की मगच जुना हप्ता थांबवा. आरोग्य विम्याचेही तसेच. आज तो तुमच्या नोकरीबरोबर आहे आणि राजीनाम्याबरोबर जाईल. स्वतःचा आरोग्य विमा नोकरीत असतानाच घ्या, म्हणजे जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ नोकरीतच सरू लागेल. दोन्ही विम्यांना मिळून वर्षाला १ धरा.

एजंटाने सुचवलेली ‘व्यावसायिकांसाठीची’ दुसरी पॉलिसी घेऊ नका. आधीच्या तीन वर्षांत ९ चे ४ झालेत. त्याच दारात पुन्हा उभे राहायचे कारण नाही.

आता नोकरी सोडण्याचे गणित. तुमचा पगार थांबला की पत्नीच्या ०.६ वर घर चालेल. महिन्याला ०.४ ची तूट म्हणजे वर्षाला जवळजवळ ५, आणि विम्याचे हप्ते धरून ६. बँकेतले ५ दहा महिन्यांत संपतील. यात धंद्यावर एक पैसाही खर्च धरलेला नाही. जुना हप्ता चालू ठेवलात तर सात महिनेही निघणार नाहीत.

१२ टक्क्यांवरून भरपूर नफा दिसतो, पण तुम्ही बाटलीत काय आहे तेच मोजले, बाटली मोजलीच नाही. दुकानातली किंमत १०० धरा. दुकानदाराने ३५ ठेवले, उरले ६५. वितरकाने त्यातला चौथा हिस्सा घेतला, तुमच्या हाती ४९. साहित्य १२. काच, बूच, लेबल, खोका मिळून १४. छोट्या धंद्यात हा खर्च बहुधा साखरेपेक्षा जास्तच असतो. भाड्याचे स्वयंपाकघर आणि मदतनीस १०. वाहतूक, फुटतूट, नमुने ५. उरले ८. बारला थेट ६५ ने विकली, तर पोहोचवण्याचा खर्च आणि सवलत वजा जाऊन २० च्या आसपास उरतात. तुमच्या किमतीने २५० बाटल्यांची दुकानकिंमत म्हणजे एका महिन्याचा घरखर्च. त्या हिशेबाने ०.४ ची तूट भरायला दुकानांतून महिन्याला साडेबाराशे बाटल्या खपल्या पाहिजेत, किंवा थेट बारांना ५००. तुमची आशा ४०० ची आहे, आणि आज गिऱ्हाईक आहेत दोन बार.

७५० मिलीची बाटली, पेल्यामागे २० मिली, म्हणजे ३७ पेले. एखाद्या बारने एकच चव आठवड्याला दोन बाटल्या वापरली तर त्याने त्या चवीचे ७५ पेले विकले, आणि हा आकडा उदारच म्हणावा लागेल. एका चवीच्या जोरावर महिन्याला ५०० बाटल्यांसाठी असे ५८ बार लागतात. शिवाय बार ४५ दिवसांच्या उधारीवर घेतात असे तुम्हीच लिहिता. ५०० बाटल्यांच्या खपावर जवळजवळ २ कायम उधारीत अडकलेले असतील. हे खेळते भांडवल तुमच्या बेतात कुठेच नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर: सध्या दोन्ही नको. परवानाधारक सामायिक स्वयंपाकघर तासांवर भाड्याने घ्या. कारखाना एका चवीच्या किमान हजार बाटल्या मागेल, आणि न विकलेला माल म्हणजे तुमचीच गोठलेली शिल्लक. घरून घाऊक विक्री चालते का, हे अन्न परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या. आजच्या दोन बारांना जाणाऱ्या मालालाही हे लागू आहे.

चवी चारऐवजी दोनच ठेवा: आले आणि ग्रेनडीन. ऑर्झात बदामाचे तेल वेगळे होऊन वर येते, तो लवकर खराब होतो, आणि बदाम ही ॲलर्जीची गोष्ट असल्याने लेबलवरची एक चूकही महागात पडते. टॉनिक तर आत्ता अजिबात नको. सालीतून क्विनाइन (तिच्यातले कडू औषधी द्रव्य) किती उतरले, हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत कार्बोनेटेड पेयात त्याची मर्यादा ८३ पीपीएम (दहा लाख भागांत ८३ भाग) आहे, यावरून ते किती जपून वापरायचे ते ध्यानात घ्या. जास्त झाले तर कानात आवाज, मळमळ, डोकेदुखी.

आल्याचे सिरप तुम्ही साखर आणि पाणी समसमान वजनाने करता, म्हणजे ५० ब्रिक्स (वजनाने शेकडा ५० साखर). फ्रिजमध्ये ते काही आठवडे टिकते, पण दुकानाच्या फळीवर यीस्ट त्यात आंबते आणि बूच उडते. ६५ ब्रिक्सपर्यंत न्या. ७५० मिलीला सुमारे ६४० ग्रॅम साखर लागेल, पण टिकण्यात फार फरक पडेल. ६७ च्या पुढे थंडीत साखरेचे खडे बसू लागतात. नुसत्या साखरेवर विसंबू नका, कारण काही यीस्ट एवढ्या गोडीतही वाढतात. सायट्रिक आम्लाने पीएच (आम्लतेचे माप; आकडा कमी तितके आम्ल जास्त) ४ च्या खाली आणा, ४.६ ही धोक्याची रेषा आहे, तिच्याजवळ राहू नका. भरताना सिरप ८५ अंशांवर असू द्या, झाकण लावून बाटली दोन-तीन मिनिटे उलटी ठेवा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचे साधन), पीएच मीटर, तो पडताळायची ४ आणि ७ पीएचची बफर द्रावणे, चांगला वजनकाटा, थर्मामीटर एवढे सामान पुरे. पीएच मीटर दर घाण्याआधी बफरवर लावून घ्या. चुकीचा मीटर नसलेल्यापेक्षा वाईट. प्रत्येक घाण्याला क्रमांक द्या आणि दोन बाटल्या राखून ठेवा, एक खोलीत, एक उबदार जागी. तक्रार आली की कोणता माल परत मागवायचा हे त्या क्रमांकावरूनच कळते. साधे साखरपाणी विकायच्या फंदात पडू नका, ते प्रत्येक बार स्वतःच करतो. कंटाळवाणे आणि वेळखाऊ काम कोणी करून दिले तरच बार पैसे मोजतो.

नोकरी चालू राहिली आणि जुना हप्ता थांबला, तर विम्याचे १ भरूनही महिन्याला ०.३ शिल्लक पडतील. सहा महिन्यांचे हे १.८ म्हणजे धंद्याचे पूर्ण अंदाजपत्रक. बँकेतल्या ५ ना हात लावायचा नाही. पत्रात ओझरता उल्लेख केलेल्या निवृत्तिनिधीला तर मुळीच नाही. त्यानंतरची शिल्लक बँकेत साठू द्या. सुट्टीच्या दिवसांत काम करून महिन्याला २५० बाटल्या थेट बारांना गेल्या, तर आणखी ०.२ येतील. बँकेतले ५ चे १२ व्हायला मग सव्वा वर्ष लागेल, बाटल्या खपल्या नाहीत तर दोन वर्षे. राजीनाम्याचा विचार १२ झाल्यावर, आणि सलग तीन महिने त्याच बारांनी पुन्हा मागणी करून उधारी वेळेवर चुकवली तरच.

पुढचा हप्ता दोन महिन्यांवर आला आहे. मुदत विम्याची मंजुरी मिळायला काही आठवडे जातात, म्हणून तो अर्ज या आठवड्यात करा आणि विमा कंपनीला पेड-अप रकमेचे पत्र त्याच दिवशी पाठवा.