रेणू कपाटात, घड्याळ चालूच

प्रश्न : ताई, मी बडोद्यात एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात केमिस्ट आहे. मधुमेहावरचा आमचा नवा रेणू, म्हणजे औषधाचं नवं रसायन, उंदरांवर छान चालला, पेटंटचा अर्जही झाला. मग नवे साहेब आले, ‘प्रायॉरिटी बदलली’ म्हणाले. प्रकल्प बंद असंही सांगत नाहीत, पुढेही जाऊ देत नाहीत. टीम जेनेरिकला, म्हणजे आधीच माहीत असलेली औषधं स्वस्तात बनवायला, जुंपली आहे. औषध किती टिकतं ते बघायला स्टॅबिलिटी चेंबरमध्ये ४० अंशांवर ठेवलेल्या आमच्या बाटल्या काढायची तारीखही उलटून गेली. राजीनामा देऊ का?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : याच शहरात माझी हयात फ्लास्क धुण्यात गेली, त्यामुळे बाटल्यांचं वाचून जीव वरखाली झाला. अहो, बंदच करायचंय तर तेवढा डेटा तरी पुरा होऊ द्या!

पण साहेबांचं गणितही बघा. १९७०च्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, ते बनवण्याच्या पद्धतीवर होतं. पद्धत बदलून तेच औषध स्वस्तात करण्यात आपल्या कंपन्या २००५ पर्यंत तरबेज झाल्या. आजही अमेरिकेत पेटंटला आव्हान देऊन जेनेरिकचा पहिला अर्ज टाकला, की १८० दिवस बाकीच्या जेनेरिकवाल्यांपासून बऱ्यापैकी मोकळं रान मिळतं. नवा रेणू दहा-बारा वर्षं खातो, आणि माणसांवरच्या चाचण्यांत उतरलेल्या दहांतले नऊ गळतात. डॉ. रेड्डीजचं मधुमेहावरचं बालाग्लिटाझोन नोव्हो नॉर्डिस्क या डॅनिश कंपनीने १९९७ मध्ये घेतलं, तेही बाजारात आलं नाही. झायडसच्या सॅरोग्लिटाझारसारखी (२०१३) बाजारापर्यंत पोचलेली देशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा थांबवलं, तर थांबवलं. ताकास तूर लागू देत नाहीत, त्याचा मात्र मलाही संताप येतो.

कारण पेटंटची २० वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात. घोंगडं भिजत पडलं तरी ती सरतच असतात. नेमकं हेच साहेबांना ईमेलवर लिहा. कोणता डेटा आला तर पुढे जाऊ? जायचं नसेल, तर दुसऱ्या कंपनीला लायसन्स द्यायचं का? एक पान पुरे, आणि सीसीमध्ये अर्धी कंपनी घालू नका. बाटल्या तपासायची परवानगी त्यातच मागून टाका.

उत्तर नाहीच आलं, तर दुसरीकडे अर्ज सुरू करा. ऑफर हातात पडेपर्यंत राजीनामा नको, ईएमआय असेलच. निघताना पेनड्राइव्हवर काही नेऊ नका, लॅब नोटबुक सही-तारखेसह पुरं करून द्या. आणि पेटंटच्या अर्जात शोधकर्त्यांत तुमचं नाव आहे ना, ते आजच बघा.