‘होलसम’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ काय आणि हा शब्द आला कुठून?

शरीराच्या, मनाच्या किंवा आचरणाच्या आरोग्यास जे पोषक असते ते ‘होलसम’. म्हणूनच हे विशेषण घरच्या जेवणालाही लागते आणि सहकुटुंब पाहता येईल अशा चित्रपटालाही.

यातील ‘होल’ म्हणजे ‘संपूर्ण’, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. परंतु हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘हाल’ असा होता आणि धडधाकट, इजा न झालेला, अभंग असे त्याचे अर्थ होते. बरे करणे या अर्थाचा ‘हील’, आरोग्यवाचक ‘हेल्थ’ आणि पवित्र या अर्थाचा ‘होली’ हे सारे त्याचेच भाऊबंद आहेत. भोक या अर्थाचा ‘होल’ मात्र उच्चाराने सारखा असला तरी वेगळ्या कुळातला आहे. ‘होलसम’च्या आरंभी लिहिले जाणारे, पण उच्चारात न येणारे डब्ल्यू हे अक्षरही मूळचे नाही, ते पंधराव्या शतकाच्या सुमारास लेखनात शिरले.

‘सम’ हा प्रत्यय नामाला, विशेषणाला किंवा क्रियापदाला लागून ‘त्या गुणाचा’ किंवा ‘तसे घडवणारा’ असा अर्थ देतो, जसे थकवणारे ते ‘टायरसम’. भाषाशास्त्रज्ञ या प्रत्ययाचे नाते संस्कृतातील ‘सम’ या शब्दाशी जोडतात, त्यामुळे आपल्या कानांना वाटणारे साम्य येथे केवळ योगायोगाचे नाही. जर्मन भाषेतील ‘हाइलझाम’ या शब्दाची घडणही हीच आहे.

मला सर्वांत रंजक वाटतो तो अर्थांचा क्रम. अन्नावरून हा शब्द नीतीकडे गेला असेल असे सहज वाटते, पण घडले उलटे: सुमारे इ.स. १२०० मध्ये तो ‘आत्म्याला हितकर’ या अर्थाने आढळतो आणि शरीराला हितकर हा अर्थ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. समाजमाध्यमांवर आज एखाद्या निरागस, प्रेमळ चित्रफितीला ‘होलसम’ म्हणतात, तो प्रयोग नवा वाटला तरी त्या जुन्या अर्थाच्या बराच जवळचा आहे.

मराठीत संदर्भानुसार अन्नासाठी ‘सकस’ किंवा ‘हितकर’, मनोरंजनासाठी ‘निर्मळ’ किंवा ‘निकोप’ हे शब्द मी सुचवेन. ‘सात्त्विक’ हा शब्द अन्नासाठी जपून वापरावा, कारण त्यातून कांदा-लसूणही वर्ज्य असल्याचे सूचित होते, तर इंग्रजी बोलणारा मटणाच्या रश्शालाही निःसंकोच ‘होलसम’ म्हणू शकतो.