गाडी भाड्याची, रस्ता किनाऱ्याचा

प्रश्न : आम्ही चौघं अलिबागहून रत्नागिरीपर्यंत समुद्राकाठाने जाणार आहोत, सेल्फ ड्राईव्ह गाडी घ्यायचीय. मोठी एसयूव्ही घेऊ का? आणि हायवेने गेलेलं बरं का?

उत्तर : अहो, हायवेने गेलात तर समुद्र दिसणार कधी! मुरूडवरून आगरदांड्याला या, तिथे गाडीसकट फेरीबोटीत चढून दिघीला उतरा, मग दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन हा तुकडा अगदी पाण्याला लागून आहे, तिथे घाई करू नका. पुढे बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा अजून तीन फेरीबोटी लागतात, शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारून ठेवा नाहीतर खाडीला मोठा वळसा पडतो.

मोठी गाडी नकोच. वाड्यांमधल्या रस्त्यांना दोन्हीकडून चिऱ्याचे गडगे, समोरून एसटी आली की रिव्हर्स घेताना घाम फुटतो, चौघांना साधी हॅचबॅक पुरते, फक्त ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची, बरा बघा. सेल्फ ड्राईव्ह भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी हवीत, पांढऱ्या प्लेटची म्हणजे खासगी, ‘ओळखीतली’ स्वस्त गाडी घेतलीत तर अपघातात इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, स्टेपनीचापण. आणि रीलसाठी पुळणीवर गाडी घालू नका हं, भरती कुणासाठी थांबत नाही आणि डिपॉझिट तर जातंच.